हुडीचा भाव आणि भाड्याचं विमान

सोमवार : कलिना ते तिरुपूर

मुंबईत खासगी विमानं सुटतात ते टर्मिनल कलिनाच्या बाजूला आहे आणि नेहमीच्या टॅक्सीवाल्यांना ते माहीत नसतं. माझा ड्रायव्हर मला टी-वनला सोडायलाच निघाला होता. दोनदा यू टर्न मारून, एका सीआयएसएफच्या जवानाला विचारून आम्ही गेटवर पोचलो तेव्हा पावणेसात झाले होते. माझ्याकडे सॅम्पलच्या दोन फुगलेल्या बॅगा होत्या. एकीत हुड्या, दुसरीत शर्ट.

ऑक्टोबर २०२५ ची गोष्ट. आमची कंपनी तयार कपड्यांची. मॉलमध्ये दुकानं आहेत, नाव सांगायची गरज नाही. मी तिथे मर्चंडायझर आहे, म्हणजे डिझाइनवाले जे स्वप्न काढतात ते कारखान्यात किती रुपयांत शिवून मिळेल हे बघायचं काम. एरवी मी तिरुपूरला, म्हणजे तमिळनाडूतल्या होजियरीच्या गावाला, जाते ती पहाटेच्या साध्या विमानाने, आणि हुड्या चेक-इन बॅगेत कोंबून. या वेळी एमडी, पैशांचा हिशोब बघणारे सीएफओ, डिझाइनवाल्या मॅडम, सोर्सिंग हेड आणि मी, अशी सगळी वरात निघाली होती.

कारण जीएसटी. २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले होते. आमची हिवाळ्यातली हुडी २,७९९ ला लावायची ठरली होती. आधी ती १२ टक्क्यांत बसत होती, आता थेट १८ मध्ये गेली. तिला २,४९९ वर आणायचं, तेही मार्जिनला हात न लावता, हा हुकूम होता. त्यात अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क बसवलेलं, त्यामुळे तिरुपूरची निर्यातीची यंत्रं मोकळी पडायला लागली होती. एमडींचं म्हणणं, हीच वेळ आहे समोर जाऊन बसायची. तिरुपूरनंतर अमरावतीला शर्टाचा कारखाना बघायचा होता. दोन्ही एकाच आठवड्यात उरकायचं म्हणून चार्टर.

विमान होतं सायटेशन सीजे-टू. सहा सीटचं, आत ताठ उभं राहता येत नाही असं. भाड्याने विमान घेताना एक गोष्ट बघावी लागते, ती सीएफओंनी मला वाट बघताना समजावली. कंपनीच्या स्वतःच्या वापरासाठी नोंदवलेलं विमान दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. पैसे घेऊन माणसं न्यायची तर डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. पांढऱ्या पाटीची गाडी आणि पिवळ्या पाटीची गाडी, तसंच. ओळखीतला कोणी उद्योगपती "माझं विमान घेऊन जा, इंधनाचे पैसे द्या" म्हणाला तर हात जोडून नको म्हणावं, कारण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

आणि वाट बघायला वेळ भरपूर होता. मुंबईची धावपट्टी इतकी भरलेली आहे की फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने गर्दीच्या तासांत खासगी विमानांना बंदी वाढवली. सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८, रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. आमचा स्लॉट, म्हणजे उडायची ठरलेली वेळ, ७.३५ चा होता. एमडींची गाडी वरळीहून निघून पोचली पावणेआठच्या पुढे. विमान उभं, दोन्ही पायलट उभे, आम्ही उभे, आणि स्लॉट गेलेला. आता अकराच्या नंतर. एमडींना ते पटेना. "अरे पण विमान आपलं आहे ना?" हँडलिंग एजन्सीचा मुलगा अतिशय नम्रपणे म्हणाला, "विमान आहे सर, धावपट्टी नाहीये."

साध्या विमानाने गेलो असतो तर एव्हाना तिरुपूरला इडली खाऊन झाली असती. हे मी बोलले नाही. पगारदार माणसाने काही वाक्यं मनात ठेवायची असतात.

साडेअकराला उडालो. केबिन क्रू वगैरे या आकाराच्या विमानात नसतो. को-पायलटने निघण्याआधीच सँडविचचे डबे कुठे ठेवलेत ते दाखवलं आणि पुढे जाऊन बसला. त्यावरून डिझाइनवाल्या मॅडमना अॅबरक्रॉम्बी अँड फिचची आठवण झाली. अमेरिकेतल्या ओहायोची ही कपड्यांची कंपनी. तिच्या गल्फस्ट्रीम विमानावरच्या नोकरवर्गासाठी चाळीसहून जास्त पानांची नियमावली होती, आणि ती जगाला कळली २०१२ मध्ये, वयावरून भेदभाव झाल्याचा एका पायलटने लावलेल्या दाव्यातून. विमानातल्या पोरांनी कंपनीचीच जीन्स, पोलो आणि स्लिपर घालायची, कंपनीचंच अत्तर लावायचं, चांदीचे चमचे मांडताना कुठले हातमोजे घालायचे, साहेबांनी काही मागितलं तर नेमकं काय उत्तर द्यायचं, सगळं लिहिलेलं. मॅडमना त्यात गंमत वाटत होती. मला एक व्यवसायाची गोष्ट वाटली. दुकानातला सेल्समन ज्या वेषात उभा असायचा त्याच वेषात विमानातला नोकर. साहेबांना हवेतसुद्धा आपलं दुकान सोडवत नव्हतं.

कोइंबतूरच्या विमानतळावरून तिरुपूर सुमारे पन्नास किलोमीटर. कारखान्याच्या दारात मालकांचा मुलगा उभा होता, हातात फोन. मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही उशिरा निघालात ना? मी सकाळपासून बघत होतो." त्याने विमानाचा नंबर हँडलरच्या ओळखीतून मिळवून ट्रॅकिंगच्या अॅपवर लावला होता. आम्ही कधी उडालो, किती वाजता उतरलो, सगळं त्याला आमच्या ऑफिसच्या आधी माहीत.

यात हसण्यासारखं काही नाही, कारण याच कारणासाठी लुई व्हितॉन, डिओर वगैरे ब्रँड ज्यांच्याकडे आहेत त्या एलव्हीएमएच समूहाने आपलं विमान विकलं. फ्रान्समध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात समूहाचे प्रमुख बर्नार आर्नों यांच्या विमानाच्या फेऱ्या आणि त्यातून निघणारा कार्बन मोजून जाहीर करणारी ट्विटर खाती निघाली. त्या ऑक्टोबरमध्ये आर्नोंनी रेडिओवर सांगून टाकलं की समूहाने विमान विकलंय आणि आता ते भाड्याने विमानं घेतात, म्हणजे ते कुठे जातात हे कोणाला दिसणार नाही. मुलगा अंत्वान यांनी टीव्हीवर बाजू मांडली ती अशी की, विमान हे कामाचं साधन आहे आणि आपण कुठे आहोत हे प्रतिस्पर्ध्यांना कळणं धंद्याला बरं नाही. यातला धंद्याचा मुद्दा खरा आहे. साहेब एखाद्या शहरात दोनदा उतरले की तिथली कुठली कंपनी विकत घेणार याचा अंदाज बांधता येतो. आमच्या बाबतीत अंदाज एवढाच होता की हे लोक घाईत आहेत. आणि भाव ठरवायला बसताना समोरच्याला तेवढं पुरतं.

मंगळवार : तिरुपूर

सकाळी कारखाना. निटिंगची गोल यंत्रं, कटिंगची लांब टेबलं, शिलाईच्या रांगा. एरवी इथे अमेरिकन दुकानांची लेबलं लावलेल्या पेट्यांचे ढीग असतात. या वेळी शिलाईच्या काही रांगांवर कापड झाकलेलं होतं. मालक त्याबद्दल बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.

मग कॉस्टिंग शीट, म्हणजे कपड्याच्या खर्चाचा तक्ता. हुडी ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) ब्रश्ड फ्लीसची, टोपीला आतून जर्सीचं अस्तर, पुढे मेटल झिपर, कांगारू पॉकेट. कारखान्याचा भाव ६५३ रुपये. एमडींनी सुरुवात केली ती थेट "सहाशेच्या खाली" इथून. मालक साठीचे, पांढरं वेष्टी-शर्ट, कपाळावर विभूती. त्यांनी चहा मागवला आणि फार गोड इंग्रजीत विचारलं, "सर, विमान स्वतःचं की हायर?"

एमडी म्हणाले, हायर.

"व्हेरी गुड सर. स्वतःचं फार महाग पडतं."

एवढंच. त्यानंतर दीड तास एमडींनी कितीही ओढलं तरी ते आठ रुपयांच्या पुढे सरकले नाहीत. अठरा हजार नग, आठ रुपये, म्हणजे १ लाख ४४ हजार. असल्या विमानाचं भाडं तासाला अडीच लाखांच्या घरात धरा, तर पस्तीस मिनिटांचं उड्डाण. तेवढ्यात कोइंबतूरहून जेमतेम बंगळूर येतं. मी हे शीटच्या कोपऱ्यात पेन्सिलने मांडलं आणि खोडून टाकलं. सीएफओंनी ते बघितलं होतं.

खरे पैसे निघाले ते दुपारी, आणि भांडून नाही. डिझाइनवाल्या मॅडम शिवणाऱ्या मास्तरांशेजारी जाऊन बसल्या. मास्तरांनी टोपीचं अस्तर काढलं, कड आतून टेप लावून शिवली आणि हुडी त्यांच्या हातात दिली. अंगात घालून बघितल्यावर फरक बाहेरून तर कळत नव्हताच, आतूनही फारसा नाही. कापड ३०० वरून २८० जीएसएम. मेटल झिपरऐवजी नायलॉन. प्रत्येक बदलाला मॅडम आधी "नाही" म्हणत होत्या, मग हात फिरवून बघत होत्या, मग "बरं" म्हणत होत्या. एकेचाळीस रुपये कमी झाले. हेच काम मुंबईहून करायचं तर फिट सॅम्पल, कुरिअर, कॉमेंट, परत सॅम्पल, यात तीन आठवडे सहज जातात.

म्हणून माझं मत असं झालंय की फायदा विमानाचा नव्हता. फायदा निर्णय घेणारी माणसं एका टेबलाशी असण्याचा होता, आणि ती माणसं साध्या विमानाच्या तिकिटावरही त्याच टेबलाशी आली असती. फक्त ती येत नाहीत. एमडी आणि डिझाइन हेड यांना पहाटे साडेतीनला उठवून रांगेत उभं करणं आमच्या कंपनीत आजवर कोणाला जमलेलं नाही. चार्टर म्हटलं की सगळ्यांची डायरी मोकळी होते.

संध्याकाळी डाइंग युनिट. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने नोय्यल नदी नासवल्याबद्दल इथली रंगाईची युनिटं बंद करायला लावली होती. पुन्हा सुरू झाली ती झिरो लिक्विड डिस्चार्जच्या अटीवर, म्हणजे सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही. पाणी आधी जिवाणूंच्या टाक्यांतून, मग आरओतून, उरलेलं खारं पाणी इव्हॅपोरेटरमध्ये आटवायचं, मीठ परत रंगाईला वापरायचं. मॅनेजरने आम्हाला पांढऱ्या मिठाचा ढीग दाखवला, हातात घ्यायला लावला. किलोमागे किती लिटर पाणी, किती युनिट वीज, किती वाफ, सगळ्याचे तक्ते भिंतीवर. ते तक्ते आमच्यासारख्या ब्रँडनाच भरून द्यायचे असतात, दर वर्षी.

युरोपातल्या ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२१ मध्ये मांडलेला हिशोब आहे की खासगी जेट माणशी साध्या विमानाच्या ५ ते १४ पट प्रदूषण करतं. आमच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये या मॅनेजरचं मीठ येणार, फोटोसकट. कोइंबतूरला पार्किंगमध्ये उभं असलेलं विमान कुठल्या रकान्यात जाणार, हे मी त्या रिपोर्टवाल्या मुलीला विचारणार आहे. बहुतेक ती मला "नंतर बोलू" म्हणेल.

बुधवार : कोइंबतूर ते अमरावती

या दिवसाबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही. नकाशात बघा, कोइंबतूर आणि अमरावती जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, सरळ वर उत्तरेला. साध्या मार्गाने जायचं तर आधी हैदराबाद किंवा मुंबई, मग नागपूर, मग दीडशे किलोमीटर रस्ता. अख्खा दिवस. आम्ही नाश्ता करून निघालो आणि साडेअकराला बेलोऱ्याला उतरलो.

अमरावतीचा विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला १६ एप्रिल २०२५ ला, मुंबईहून येणाऱ्या एटीआर विमानाने. धावपट्टी १,८५० मीटर. मोठं विमान इथे येत नाही, पण आमच्या आकाराच्या विमानाला ती ऐसपैस. कॅप्टननी इंधनाचा हिशोब कोइंबतूरलाच करून घेतला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं की लहान विमानतळाचे वॉच अवर्स, म्हणजे चालू असण्याचे तास, ठरलेले असतात, उद्या उशीर करू नका. असं म्हणताना ते एमडींकडे बघत नव्हते, हे कौतुकास्पद.

कारखाना नांदगाव पेठच्या एमआयडीसीत. तिथे टेक्स्टाइल पार्क आहे, रेमंडचा लिननचा कारखानाही त्याच पट्ट्यात. शिवाय केंद्राच्या पीएम मित्र या कापड पार्कांच्या योजनेतल्या मोठ्या पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झालेली. शर्टाचं काम छान होतं. कॉलर बघितली, प्लॅकेट बघितलं, बटणं ओढून बघितली. भाव पहिल्याच फेरीत ठरला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते गाडीतलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला लागली होती. ड्रायव्हर तिवशाकडचा, घरची शेती. मी विचारलं, वेचणी सुरू झाली का. म्हणाला, "सीतादही झाली ना ताई परवा. पन कापसाले भावच नाई." सीतादही म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल होता, पण बाजारात व्यापारी तितकं द्यायला तयार नव्हते. त्याने कारणही सांगितलं, बाहेरून कापूस येतोय म्हणून. बरोबरच होतं. केंद्राने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत काढलं होतं, अमेरिकेच्या शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून.

आदल्या दिवशी तिरुपूरला मालक म्हणाले होते, "यार्न थोडं सॉफ्ट आहे मॅडम, म्हणून आठ रुपये देता आले." म्हणजे सुताचा भाव उतरला होता. ते आठ रुपये कुठून आले याचा थोडा पत्ता मला तिवशाच्या रस्त्यावर लागला. मागच्या सीटवर एमडी फोनवर होते. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

रात्री गिला वडा खाल्ला. सीएफओ दिल्लीचे, त्यांना तो दहीभल्ल्याचा भाऊ वाटला. वाद घालायचं त्राण नव्हतं.

गुरुवार : अमरावती ते मुंबई

मुंबईत अकरा ते पाच यांच्यामध्येच उतरायचं होतं, म्हणून सकाळ निवांत. नाश्त्याला एमडी म्हणाले, "वाटेत शिर्डी आहे ना? विमानतळ पण आहे. तासभर उतरू, दर्शन घेऊ."

सीएफओंनी चमचा खाली ठेवला. आमची कंपनी दोन-तीन वर्षांत आयपीओ आणायच्या विचारात आहे आणि हा माणूस तेव्हापासून प्रत्येक बिलाकडे भावी शेअरहोल्डरच्या नजरेने बघतो. ते म्हणाले, "सर, जरूर. फक्त शिर्डीचं लँडिंग आणि वाढलेला वेळ यांचं वेगळं बिल तुमच्या नावाने घेऊ. ते बिझनेस नाही."

मग त्यांनी अॅबरक्रॉम्बीचीच पुढची गोष्ट सांगितली. अमेरिकेत लिस्टेड कंपनीला बड्या अधिकाऱ्यांनी कंपनीचं विमान खासगी कामाला किती वापरलं, ते दर वर्षी भागधारकांना कळवावं लागतं. त्या कंपनीचे तेव्हाचे सीईओ माइक जेफ्रीज यांच्या खासगी फेऱ्यांवर इतकी टीका झाली की २०१० मध्ये संचालक मंडळाने करार बदलला. वर्षाला दोन लाख डॉलरपर्यंतचा खासगी वापर कंपनीच्या खर्चाने, त्यावरचा स्वतःच्या खिशातून. आणि ही मर्यादा मान्य केल्याबद्दल त्यांना एकरकमी चाळीस लाख डॉलर दिले.

"म्हणजे कमी उडण्याचे पैसे दिले?" एमडींनी विचारलं. डोळ्यांत जरा चमक होती.

"आपल्याकडे तसं नाही सर," सीएफओ घाईने म्हणाले.

शिर्डी राहिली. एमडी म्हणाले, पुढच्या वेळी बघू, तसंही बाबांकडे जायला बोलावणं यावं लागतं.

कॅप्टन नाशिकचे निघाले. तास-सव्वा तासाचं उड्डाण, आभाळ स्वच्छ. निम्म्याहून जास्त वाट सरल्यावर त्यांनी मागे वळून उजव्या हाताला बघायला सांगितलं. तिकडे सिन्नर. २६ नोव्हेंबर २००५ ला रेमंडचे विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या फुग्यातून वर गेले, जवळजवळ एकवीस किलोमीटर उंचीपर्यंत, जागतिक विक्रम केला आणि उतरले ते या सिन्नर तालुक्यात. तेव्हा ते पासष्टी ओलांडलेले होते. त्याआधी १९८८ मध्ये मायक्रोलाइट विमानातून इंग्लंडहून दिल्लीपर्यंत आले होते. आणि सुटिंग-शर्टिंगच्या या कंपनीने १९९६ मध्ये मिलियन एअर नावाची चार्टर सेवाही काढली होती. कॅप्टनना हे सगळं पाठ होतं. आपल्याकडे कापड आणि विमान यांचं नातं जुनं आहे, आणि ते सुरू झालं उडण्याच्या हौसेतून. मला हौस समजते. हौसेला कॉस्टिंग शीट लागत नाही.

कलिनाला सव्वा वाजता उतरलो. गाड्या विमानापासून चार पावलांवर. बॅगेच्या पट्ट्याशी ताटकळणं नाही, हे सुख मात्र मान्य करायलाच हवं. सव्वादोनला मी ऑफिसात होते आणि हुडीचं नवं टेक पॅक, म्हणजे कारखान्याला द्यायचा शिवणीचा तपशील, करायला घेतलं होतं.

शुक्रवार : ऑफिस

बिल आलं. विमान अहमदाबादला ठेवलेलं असतं, त्यामुळे ते रिकामं मुंबईला आलं आणि रिकामं परत गेलं, त्याही तासांचे पैसे. तीन रात्रींचा मुक्काम, पायलटांची हॉटेलं, पार्किंग, हँडलिंग, सोमवारी खोळंबल्याचं वेटिंग, आणि सगळ्यावर जीएसटी १८ टक्के.

सीएफओंनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं की हे कुठल्या स्टाइलवर, म्हणजे कुठल्या कपड्याच्या खर्चात, टाकायचं. मी म्हटलं, अमरावतीचं उड्डाण शर्टांवर टाका, ते मी कोणालाही समजावून सांगेन. तिरुपूरचं हुडीवर टाकलं तर कमी केलेला भाव परत वर जातो.

"मग तिरुपूरचं?"

मार्केटिंगच्या खर्चात टाका म्हटलं. तिथल्या मालकांचा मुलगा अजून त्या विमानाचा स्क्रीनशॉट लोकांना दाखवतोय. ते हसले नाहीत. खरंच तिथे टाकलं.